दहा पट्टे कशाला? गिटारसाठी तीन पट्ट्यांचं इक्वलायझर पेडल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन सिंगल कॉइल पिकअपची गिटार आहे, एक डिस्टॉर्शन पेडल आहे, घरी आवाज झकास येतो. पण ड्रम आणि बेससोबत उभं राहिलं की तुमचा सोलो कुठे गडप होतो ते कळत नाही. म्हणून दहा पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर (आवाजाचा एकेक फ्रिक्वेन्सी-पट्टा वेगळा कमी-जास्त करणारं पेडल) स्वतः बनवायचाय, आणि सोल्डरिंगचा अनुभव आजवर एका फझ पेडलपुरता आहे.

आधी दहा पट्ट्यांचा नाद सोडा. माझा पहिला इक्वलायझर सात स्लायडरचा होता. ॲल्युमिनियमच्या डब्याला सात उभ्या खाचा पाडण्यात माझा अख्खा रविवार गेला, दोन कानशी झिजल्या आणि खाचा तरीही वाकड्याच आल्या. पेडल जमिनीवर राहतं, खाचांतून धूळ आत जाते, सहा महिन्यांत प्रत्येक स्लायडर खरखरायला लागला. पण हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं. खरा त्रास हिसचा, म्हणजे सततच्या "स्स्स" आवाजाचा होता, आणि तो का होता ते पुढे सांगतो, कारण त्यासाठी आधी सर्किट कळायला हवं.

आता तुमचा सोलो जातो कुठे ते बघू. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ. सर्वांत बारीक तारेचा बाविसावा फ्रेट म्हणजे सुमारे ११७५ हर्ट्झ. मूळ स्वर सगळे एवढ्यातच, त्यापुढे नुसते ओव्हरटोन. गिटार ॲम्पचा स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने गळपटतो. बॉस कंपनीच्या जीई-७ इक्वलायझर पेडलमध्ये म्हणूनच १०० पासून दुपटीने चढत ६४०० पर्यंत सात पट्टे आहेत. दहा पट्ट्यांच्या पेडलवर ३१ आणि १६,००० हर्ट्झचेही स्लायडर दिसतात. गिटारला त्यांचा उपयोग शोभेपुरता.

घरी हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मधला भाग खाली ओढतो आणि खूश होतो. स्टेजवर खालची जागा बेस गिटार आणि किक ड्रमची, वरची झांजांची. मधली तेवढी तुमची होती, ती तुम्ही स्वतःच रिकामी करून आलात! त्यात बऱ्याच ॲम्पच्या टोन सर्किटमध्ये मधला भाग आधीच खचलेला असतो. तेव्हा तुम्हाला हवाय तो मधला एक पट्टा, वर-खाली सरकवता येईल असा. त्याच्या जोडीला साधा बेस आणि साधा ट्रेबल. दोन नॉबचा बेस-ट्रेबल कंट्रोल इंग्लिश इंजिनियर पीटर बॅक्झांडल यांनी १९५२ मध्येच इतका नेटका मांडला की आजही तो सगळीकडे सापडतो, पण त्याला मधला पट्टा नाही, आणि आपलं अडलंय नेमकं तिथेच.

सगळं सर्किट दोन टीएल०७२ आयसींमध्ये बसतं. एका आयसीत दोन ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी तयार सर्किटं), म्हणजे एकूण चार. पहिल्या आयसीचा एक बफर (गिटारचा नाजूक सिग्नल जसाच्या तसा, पण दमदार करून पुढे देणारा), दुसरा मुख्य ऑप-ॲम्प. दुसऱ्या आयसीचे दोन्ही जायरेटरसाठी (कॉइलची नक्कल करणारं सर्किट, पुढे येतंय), एक बेसचा आणि एक मिडचा.

मुख्य ऑप-ॲम्पपासून सुरुवात करू. बफरमधून आलेला सिग्नल १० के (किलोओहम) च्या रेझिस्टरमधून त्याच्या प्लस इनपुटला द्या. आउटपुटपासून दुसरा १० के मायनस इनपुटला. एवढंच असेल तर जे आत येतं तेच बाहेर जातं. आता प्लस आणि मायनस यांच्या मध्ये ५० के चा लिनियर पॉट (नॉबने फिरवायचा बदलता रेझिस्टर; लिनियर म्हणजे फिरवाल त्या प्रमाणात बदलणारा) आडवा टाका, आणि पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडकडे अशी वाट काढा जी ठराविक फ्रिक्वेन्सीलाच मोकळी आहे. पॉट प्लसकडे फिरवला की आत येणाऱ्या सिग्नलमधला तेवढा भाग ग्राउंडला जातो, म्हणजे कट. मायनसकडे फिरवला की फीडबॅकमधला तेवढा भाग ग्राउंडला जातो आणि ऑप-ॲम्प ती तूट भरून काढायला तिथे जास्त जोर लावतो, म्हणजे बूस्ट. मधोमध ठेवला तर दोन्हीकडे सारखंच नुकसान, हिशेब फिटला. वाटेत २.२ के चा रेझिस्टर असेल तर जास्तीत जास्त बूस्ट १ + १०/२.२, म्हणजे साडेपाच पट, सुमारे १५ डेसिबल. ३.३ के असेल तर चारपट, १२ डेसिबल. असे तीन पॉट त्याच दोन इनपुटच्या मध्ये शेजारी शेजारी लावायचे, प्रत्येकाची वाट वेगळी.

पॉटच्या पायांची दिशा आताच लिहून ठेवा. दांडा आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय १, उजवा ३. तीन नंबर मायनस इनपुटला, एक नंबर प्लसला. मग घड्याळाच्या दिशेने फिरवलं की बूस्ट. डब्यात सोल्डर करताना आपण पॉट मागून बघतो, तिथे डावं-उजवं उलटतं. बेस वाढवायला जावं आणि तो नाहीसा व्हावा, हे माझ्या हातून एकदा नाही, तीनदा झालंय.

आता ती ठराविक फ्रिक्वेन्सीची वाट. पुस्तकी उत्तर म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर ओळीने. पण बेससाठी जवळपास ५ हेन्रीची कॉइल लागेल, म्हणजे लोखंडी गाभ्याचा गठ्ठाच, आणि तो शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर आनंदाने ओढून घेईल. म्हणून जायरेटर. पॉटच्या मधल्या पायापासून पहिला कपॅसिटर. त्याच्या पलीकडच्या टोकाला दोन फाटे: एक २.२ के मधून ऑप-ॲम्पच्या आउटपुटला, दुसरा छोट्या कपॅसिटरमधून त्याच्याच प्लस इनपुटला. प्लस इनपुटपासून मोठा रेझिस्टर ४.५ व्होल्टच्या रेषेला (ती कशी बनते ते पुढे). मायनस इनपुट थेट आउटपुटला. एवढ्यावर तो ऑप-ॲम्प कॉइलचं सोंग घेतो. सोंगातली कॉइल किती हेन्रीची? लहान रेझिस्टर गुणिले मोठा रेझिस्टर गुणिले छोटा कपॅसिटर.

बेससाठी: पहिला कपॅसिटर ४७० नॅनो (नॅनोफॅरड), छोटा २२ नॅनो, मोठा रेझिस्टर १०० के. केंद्र १०५ हर्ट्झच्या आसपास.

मिडसाठी: ६८ नॅनो आणि ३.३ नॅनो, आणि मोठ्या रेझिस्टरच्या जागी २२ के ला ओळीने १०० के चा पॉट. हा पॉट पूर्ण फिरवून केंद्र साधारण ६५० पासून १५०० हर्ट्झपर्यंत सरकतं. खालच्या टोकाला बूस्टचा डोंगर अरुंद असतो, क्यू (अरुंदपणाचं माप) दीडच्या थोडा वर; वर जाताना तो पसरत पसरत ०.७ वर येतो. कागदावर हा दोष आहे. कानाला मला तो आवडतो, कारण १५०० जवळचा अरुंद डोंगर नाकात बोलल्यासारखा लागतो. या पॉटचे दोन आणि तीन नंबरचे पाय वापरले तर घड्याळाच्या दिशेने फ्रिक्वेन्सी वाढते. लिनियर पॉटवर वरच्या टोकाला सगळं दाटीवाटीने येतं. उलट लॉग, म्हणजे सी टेपर (सुरुवातीला झपाट्याने, शेवटी हळू बदलणारा पॉट) मिळाला तर तो घ्या, नाही मिळाला तर अडून बसू नका.

ट्रेबलला जायरेटर नको. पॉटच्या मधल्या पायापासून ३.३ के आणि १० नॅनो ओळीने, सरळ ग्राउंडला. १२०० हर्ट्झच्या सुमारास चढ सुरू होतो आणि ५००० पर्यंत पूर्ण होतो. त्याच्या पुढे स्पीकरच नाही म्हणतो.

बाकीचं पटकन. इनपुट जॅकपासून २.२ मेग (मेगओहम) चा रेझिस्टर ग्राउंडला, त्याने स्विच दाबल्यावर होणारा ठप्प आवाज कमी होतो. मग ४७ नॅनो, मग बफरचं प्लस इनपुट, आणि तिथून १ मेग ४.५ व्होल्टला. मुख्य ऑप-ॲम्पच्या फीडबॅकमधल्या १० के वर १०० पिकोचा सिरॅमिक, उगाच शिट्टी मारू नये म्हणून. आउटपुटला १० मायक्रो, प्लस बाजू आयसीकडे, मग १०० के लॉगचा लेव्हल पॉट. वीज ९ व्होल्टची: आधी १एन५८१७ डायोड ओळीने, कारण कुणीतरी एकदा तरी उलटा ॲडॉप्टर लावतोच. मग १०० ओहम, मग १०० मायक्रो ग्राउंडला. दोन १० के चा दुभाजक, त्याच्या मध्यावर आणखी १०० मायक्रो, हे झाले तुमचे ४.५ व्होल्ट. प्रत्येक आयसीच्या ८ आणि ४ नंबरच्या पायांमध्ये अगदी खेटून १०० नॅनो. हा शेवटचा कपॅसिटर लोक गाळतात आणि मग महिनाभर विचारत बसतात की पेडल गुणगुणतं का.

सामान आणायला पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. काउंटरवर "३.३ नॅनो" म्हणालात तर समोरचा क्षणभर बघत राहील, "३३२ चा मायलर" म्हणालात की लगेच डबा उघडेल. ६८ नॅनो म्हणजे ६८३, ४७० नॅनो ४७४, २२ नॅनो २२३, १० नॅनो १०३. सिग्नलच्या वाटेवर पॉलिस्टर किंवा मायलरच घ्या. मोठ्या कपॅसिटन्सचे स्वस्त सिरॅमिक नकोत, त्यांतले काही बोटाने टकटक केलं की मायक्रोफोनसारखे बोलतात. आयसी दोनच्या जागी चार आणा आणि सॉकेट लावूनच बसवा, म्हणजे संशय आला की बदलून बघता येईल.

आता ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर. सगळं एका दमात जोडू नका. पहिल्या दिवशी नुसता बफर, गिटार लावून आवाज जसाच्या तसा येतो का बघा. मग मुख्य ऑप-ॲम्प, एकही पॉट न लावता. मग ट्रेबल, कारण त्यात चुकायला जागाच कमी. मग मिड, आधी २२ के आणि पॉट या दोन्हींऐवजी एकच पक्का १०० के टाकून. केंद्र ७१५ हर्ट्झच्या आसपास येईल. बेस शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर गिटार वाजवायची, आणि एखादा टप्पा बोलला नाही तर चूक कालपासून आजपर्यंतच्या पाचसहा भागांत आहे हे पक्कं.

आवाज नसेल तर आधी मल्टिमीटर डीसीवर. पाय ८ ला सुमारे ८ व्होल्ट, कारण डायोड आणि १०० ओहम थोडं खातात. पाय ४ शून्य. बाकी सगळे पाय त्याच्या निम्मे. याला अपवाद बफरचं प्लस इनपुट, तिथे मीटर जरा कमी दाखवेल. मीटरचा स्वतःचा रोध १० मेग असतो आणि तिथला रेझिस्टर १ मेगचा, म्हणजे तुम्ही मोजायला गेलात की अकरावा हिस्सा मीटरच गिळतो. तो दोष नव्हे. एखादा आउटपुट पाय मात्र ०.५ किंवा साडेसातवर चिकटून बसला असेल तर त्याचा प्लस इनपुट ४.५ च्या रेषेला पोहोचलेला नाही.

पट्टे नीट बसलेत का ते मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपने तपासता येतं. हेडफोनच्या पिनमधून सिग्नल द्या, मिड पूर्ण बूस्ट करा आणि ॲपवर फ्रिक्वेन्सी सरकवत कुठे आवाज सर्वांत मोठा होतो ते बघा. स्वस्त मल्टिमीटरच्या एसी रेंजवर यासाठी विसंबू नका. ते ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेले असतात, पुष्कळांचं वाचन ४०० हर्ट्झनंतर भरकटतं. मी एकदा रात्रभर सर्किट बदलत होतो आणि चूक मीटरची होती. कान जास्त खरा.

हिसचं आता कळेल. मुख्य ऑप-ॲम्पच्या दोन इनपुटच्या मध्ये जितके जास्त पॉट, तितका त्यांच्यामधला एकूण रोध कमी, आणि ऑप-ॲम्पचा स्वतःचा खरखराट तितका जास्त वाढून बाहेर येतो. सगळे पॉट मधोमध असले, म्हणजे इक्वलायझर काहीच करत नसला, तरीही! हिशेब असा: एक अधिक २० के भागिले त्या सगळ्या पॉटचा समांतर रोध. ५० के चे तीन पॉट म्हणजे १६.७ के, उत्तर सव्वादोनच्या आत. सात पॉट म्हणजे ७.१ के, उत्तर पावणेचारच्या पुढे. माझ्या त्या पहिल्या पेडलचं मूळ दुखणं हेच. मग "कमी आवाजाचा" एनई५५३२ टाकू का? मुख्य ऑप-ॲम्पच्या आयसीत टाकून बघायला हरकत नाही, फरक पडतो. मात्र तो टीएल०७२ पेक्षा जास्त करंट खातो आणि बॅटरी लवकर बसते. जायरेटरच्या आयसीत टीएल०७२ च राहू द्या.

घरघरीचं वेगळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त ॲडॉप्टरमधून येणारी घरघर बऱ्याचदा १०० हर्ट्झची असते. आपला बेसचा पट्टा १०५ वर, म्हणजे बरोबर तिच्या डोक्यावर. त्यात तुमचे सिंगल कॉइल पिकअप. बेस बूस्ट केला की घरघरही बूस्ट होणार. याच्यावर सर्किटमध्ये इलाज शोधत बसू नका. बँडमध्ये वाजवताना तुम्हाला तो पट्टा कटच करायचाय, आणि कट केला की घरघर त्याच्याबरोबर खाली जाते.

ब्रेडबोर्डवर समाधान झालं की झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांचा, सोल्डर करायचा बोर्ड) उतरवा. पहिल्या खेपेला ऐटीत छोटा डबा घेऊ नका. पाच पॉट, दोन जॅक, फूटस्विच आणि डीसी सॉकेट एवढं बसवायचंय. साधारण १२० गुणिले ९४ गुणिले ३४ मिलिमीटरचा १५९०बीबी मापाचा डबा बरा. आधी कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून डब्यावर चिकटवा, मध्यबिंदूंवर पंच मारा, ३ मिलिमीटरचं भोक पाडून मग स्टेप ड्रिलने वाढवा. भोकांची मापं हातातल्या भागांवरून घ्या, माझ्या आठवणीवरून नको. डबा बंद झाल्यावर जॅकची पत्ती पॉटच्या पाठीला टेकते का ते बघा. पॉटच्या पाठीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला की पुढची धावपळ वाचते.

फूटस्विच नऊ पायांचा, थ्रीपीडीटी. दोन बाजू सिग्नलला, तिसरी एलईडीला, एलईडीच्या ओळीत ४.७ के. पायांवर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आतलं प्लास्टिक मऊ होतं आणि स्विच बाहेरून धडधाकट दिसूनही कधी लागतो, कधी लागत नाही. असा दोष शोधण्यासारखं वैतागवाणं काम नाही.

पेडल कुठे लावायचं? डिस्टॉर्शनच्या आधी लावलं तर कोणती फ्रिक्वेन्सी जास्त फाटेल ते बदलतं, आवाजाची पातळी फारशी हलत नाही. नंतर लावलं तर आवाजाचा आकारच बदलतो आणि सोलो खरोखर वर येतो. तुमच्या कामासाठी नंतर. पहिल्या दिवशी असं करून बघा: बेस मध्याच्या थोडा डावीकडे, ट्रेबल मधोमध, मिडचा नॉब घड्याळात दोन-तीन वाजतात तिथे, आणि मिडची फ्रिक्वेन्सी ड्रमवाला वाजवत असताना हळूहळू सरकवत जा. एका ठिकाणी गिटार अचानक ड्रमच्या पुढे येऊन उभी राहील. तिथे नेलपॉलिशचा ठिपका. घरी एकट्याने ऐकलंत तर तोच आवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाटेल, तेव्हा ठिपका पुसायचा मोह होतो. पुसू नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ९ व्होल्टवर टीएल०७२ मधून मध्यापासून दोन्हीकडे जेमतेम तीन व्होल्ट निघतात. डिस्टॉर्शन पेडलचा आवाज चढा ठेवून वर मिडचा पूर्ण १५ डेसिबल बूस्ट दिला तर इक्वलायझर स्वतःच फाटायला लागेल, आणि ते फाटणं गोड नसतं. डिस्टॉर्शनचा लेव्हल थोडा खाली घ्या. १८ व्होल्टवरही हे सर्किट चालतं, पण त्यासाठी विजेच्या बाजूचे १०० मायक्रो २५ व्होल्टचे किंवा त्याहून मोठे आधीपासूनच लावलेले हवेत.

बॅटरी किती टिकेल, हेही विचारलं होतंत. चार ऑप-ॲम्प आणि एलईडी मिळून सातआठ मिलिॲम्पिअर जातात, चौकोनी ९ व्होल्टची चांगली बॅटरी बरेच कार्यक्रम काढेल. इनपुटला स्टिरिओ जॅक घ्या आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगला द्या, म्हणजे गिटारची पिन काढली की बॅटरी आपोआप तुटते. घरी परतल्यावर पिन काढायला विसरलात तर मात्र बॅटरी रात्रभर झिजत राहील.